प्रोसिडिंग सभा उठण्यापूर्वीच वाचून दाखवावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या 1 मे रोजी सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील गावोगावी ग्रामसभा भरतील. विषयपत्रिका फलकावर लागेल, दवंडी फिरेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सूचना येईल, आणि पहिला विषय नेहमीप्रमाणे 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हाच असेल. प्रत्यक्षात इतिवृत्ताचे म्हणजे प्रोसिडिंगचे हे वाचन क्वचितच होते. 'प्रोसिडिंग सर्वांना मान्य आहे ना?' एवढे विचारले जाते, पुढच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' असे दोन-तीन आवाज येतात आणि मागच्या सभेच्या नावावर काय लिहिले गेले हे न ऐकताच गाव ते कायम करून मोकळे होते. इतिवृत्ताबद्दलच्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच पहिल्या विषयात आहे, असे मला वाटते.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 नुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर असावे लागतात. ती न झाल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे घरकुलाच्या यादीपासून विकास आराखड्यापर्यंतचे महत्त्वाचे ठराव अनेक ठिकाणी मूठभर लोकांपुढे होतात. अशा वेळी सभेत खरोखर काय ठरले याचा एकमेव पुरावा म्हणजे प्रोसिडिंग बुक, आणि ते बहुधा सभा उठल्यानंतर लिहिले जाते. हजेरीच्या सह्या मात्र सभा सुरू होण्याआधीच घेतलेल्या असतात.

आमच्या परिसरातील एका गावात पाणंद रस्त्याच्या आखणीला काही शेतकऱ्यांनी आणि महिलांनी भर सभेत हरकत घेतली होती. पुढे माहितीच्या अधिकारात नक्कल मिळाली तेव्हा त्यात 'सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर' एवढेच वाक्य होते आणि हरकत घेणाऱ्यांच्याच सह्या उपस्थितांच्या यादीत होत्या, म्हणजे कागदोपत्री तेही सर्वानुमतात धरले गेले. त्यांनी पंचायत समितीकडे तक्रार केली, तक्रारीवर संबंधित ग्रामपंचायतीचा खुलासा मागवला गेला आणि खुलाशासोबत पुरावा म्हणून त्याच प्रोसिडिंगची प्रत जोडून आली. ज्या कागदाविरुद्ध तक्रार तोच कागद साक्षीला, असा हा प्रकार आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 येथे तोकडा पडतो, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्या कायद्याच्या कलम 4 नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या समित्या व मंडळांच्या बैठका लोकांसाठी खुल्या आहेत किंवा कसे आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात किंवा कसे, हे स्वतःहून जाहीर करायचे आहे. शिवाय जिल्हा व त्याखालच्या पातळीवरील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा शासन निर्णय 26 नोव्हेंबर 2018 रोजी निघालेला आहे. या सोयी मोलाच्या आहेत आणि त्यांचा वापर व्हायला हवा. परंतु माहिती अधिकारी जे अभिलेखात आहे तेच देऊ शकतो. जे लिहिलेच गेले नाही ते तीस दिवसांत मिळत नाही आणि अपिलातही मिळत नाही.

'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' हे विषयपत्रिकेतील शेवटचे कलम तर सर्वांत सोयीचे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात स्थानिक संस्थांच्या खुल्या सभांसाठी 1953 पासून ब्राऊन अ‍ॅक्ट नावाचा स्वतंत्र कायदा आहे. आधी प्रसिद्ध केलेल्या विषयपत्रिकेत नसलेल्या विषयावर, काही मोजके अपवाद सोडल्यास, त्या सभेत निर्णयच घेता येत नाही. आपल्याकडे मात्र लोक घरी परतल्यावर त्या शेवटच्या कलमाखाली आणखी एखादा ठराव लिहिला गेला, तर तो सभेत झालाच नव्हता हे सिद्ध करण्याचा भार ग्रामस्थावर येतो.

सगळा दोष ग्रामसेवकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पदनाम बदलले तरी एकेकाकडे दोन-दोन गावांचा कार्यभार असतो आणि सभेच्या गलक्यात ठरावाचा मसुदा लिहिणे सोपे नाही. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्ताचा मसुदा तयार करणारी 'सभासार' ही प्रणाली आणली आहे. तिचे स्वागतच आहे. तरीही वादाच्या विषयावर ध्वनिमुद्रण चालू ठेवायचे की नाही, हे माणसाच्याच हाती राहणार.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक ठराव सूचक, अनुमोदक आणि विरोध करणाऱ्यांच्या नावांसह सभेतच लिहावा, सभा उठण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून दाखवावा, शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारावी आणि उपस्थितांच्या सह्या त्या रेघेखाली घ्याव्यात. त्या पानांची छायाचित्रे त्याच दिवशी गावाच्या ग्रुपवर टाकावीत. यासाठी कायद्यात दुरुस्ती लागत नाही. ग्रामसभेच्या एका ठरावाने एखाद्या गावात हे सुरू होऊ शकते आणि दोन्ही जिल्हा परिषदांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी परिपत्रक काढले तर सर्व गावांत. आमच्या गावातील काही ग्रामस्थांनी 1 मेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा असा लेखी अर्ज दिला असून त्याची पोच घेतली आहे. इतर गावांतील वाचकांनीही विषयपत्रिका निघण्यापूर्वी असा अर्ज द्यावा.

आपला,
एक ग्रामस्थ, सांगली जिल्हा