‘शेकडा तीन’ म्हणजे वर्षाला किती?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

घरखर्चात काटकसर कशी करावी, हे सांगणारे लेख अलीकडे आपल्या पुरवणीत वरचेवर वाचायला मिळतात. त्यांतील सल्ले चुकीचे आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या घरात पैसा येणेच अडले आहे, त्या घराचे नुकसान नेमके कोठे होते हे त्यांत क्वचितच असते. आमचे घर इचलकरंजीतले, खर्चीवाल्याचे. व्यापाऱ्याचे सूत घ्यायचे, कापड विणून द्यायचे आणि पिकावर, म्हणजे कापडातील आडव्या धाग्यांच्या संख्येवर, ठरलेली मजुरी घ्यायची, हा आमचा व्यवसाय. दोन वर्षांपूर्वी मंदीत आमच्या आठ मागांपैकी पाच माग बंद पडले आणि मजुरीचा दर वीजबिलालाही पुरेना. गल्लीतल्या दोघांनी तर आपले माग किलोच्या भावाने भंगारात घातले.

त्या काळात मी काटकसर पुष्कळ केली. रोजचे अर्धा लिटर दूध कमी केले, केबल बंद केली आणि (कबूल करायला संकोच वाटतो) आपले दैनिकही बंद करून शेजारून मागून वाचू लागले. या सगळ्यातून महिन्याला साधारण तेराशे रुपये वाचत होते. गव्हाची चपाती सोडून ज्वारीची भाकरी खा, असाही एक सल्ला कोणीतरी दिला होता. तो देणाऱ्याने गेल्या काही वर्षांत ज्वारीचा भाव विचारलेला नसावा. स्वस्तात खायचे तर आमच्याकडे रेशनचा गहूच खावा लागतो.

हे तेराशे रुपये मी वहीत लिहून ठेवत असताना त्याच घरातून महिन्याला साडेचार हजार रुपये दुसऱ्या वाटेने जात होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. वीजबिल आणि कामगारांचा आठवड्याचा पगार भागवण्यासाठी यजमानांनी एका ओळखीच्या गृहस्थांकडून दीड लाख रुपये ‘शेकडा तीन’ने घेतले होते. अशा व्यवहाराला आमच्याकडे कोणी सावकारी म्हणत नाही, ‘हातउसने’ म्हणतात. कागद नाही, पावती नाही, दर महिन्याच्या दहा तारखेला गृहस्थ चहाला येतात आणि पाकीट घेऊन जातात. शेकडा तीन ऐकायला किती किरकोळ वाटते! मात्र तो दर महिन्याचा असल्याने वर्षाचे छत्तीस टक्के होतात, म्हणजे दीड लाखावर चोपन्न हजार. चौदा महिन्यांत आम्ही त्रेसष्ट हजार रुपये व्याज भरले आणि मुद्दल होते तेवढेच राहिले.

यातली सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की, त्याच चौदा महिन्यांत माझ्या चार तोळ्यांच्या पाटल्या कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेल्या होत्या. त्या बँकेत तारण ठेवल्या तेव्हा साडेनऊ टक्के वार्षिक दराने दीड लाख रुपये मिळाले, ज्याचे व्याज महिन्याला बाराशेच्या आत येते. हे आधी का सुचले नाही, असे कोणीही विचारील. यजमानांनी मला सांगितले नव्हते, कारण बायकोच्या अंगावरचे काढायचे म्हणजे धंदा बुडाल्याचे कबूल करणे. आणि सासूबाईंचे म्हणणे असे की घरातली लक्ष्मी गहाण पडू नये. मला विचारले असते तर मी पहिल्याच महिन्यात पाटल्या काढून दिल्या असत्या. वस्तू माझी, तिच्याविषयीची लाज मात्र दुसऱ्यांना! सोनेतारणातही जोखीम आहे, मुदतीत व्याज भरून नूतनीकरण केले नाही तर दागिना लिलावात जातो, हे मी विसरलेले नाही. पण तेथे निदान दर कागदावर लिहिलेला असतो आणि भरलेल्या पैशांची पावती मिळते.

त्यानंतर मला आजूबाजूच्या व्यवहारांचे दर वर्षात मांडून पाहण्याची सवयच लागली. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलली तर अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक व्याज पडते. आमच्या महिला बचत गटात आम्ही आपसात शेकडा दोनने देतो. तेही चोवीस टक्केच झाले, फक्त ते व्याज गटातच राहते आणि वर्षाअखेरीस आमच्यातच वाटले जाते. महाराष्ट्रात 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे. त्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेती कर्जावर तारण असल्यास वर्षाला 15 टक्के आणि विनातारण 18 टक्के एवढीच मर्यादा शासनाने घालून दिली, आणि परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातील सहायक निबंधकांकडे करता येते. दहा तारखेला चहाला येणाऱ्या आमच्या गृहस्थांकडे परवाना असण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही तक्रार केली नाही, त्यांचे मुद्दल देऊन मोकळे झालो. गल्लीत राहायचे असते.

ठेवींच्या बाबतीतही हेच अज्ञान आहे. माझ्या जावेने एक टक्का व्याज जास्त मिळते म्हणून तीन लाख रुपये एका पतसंस्थेत ठेवले आणि मुलाच्या आजारपणात ते काढायला गेली तेव्हा ‘पुढच्या महिन्यात या’ असे सांगण्यात आले, ते आजतागायत. बँकेतील ठेवीला, मग ती बँक सहकारी असली तरी, फेब्रुवारी 2020 पासून पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. हा फरक तिला ठेव ठेवताना कोणी सांगितला नाही आणि पतसंस्थेच्या पाटीवर तो लिहिलेला नसतो. माझ्या भाच्याची कोल्हापुरातील एका फौंड्रीतील नोकरी गेली, तेव्हा त्याच्या पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची) वर्गणी नियमित कापली जात होती. पण त्याच महामंडळाची 2018 पासूनची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, जिच्यात अटी पूर्ण करणाऱ्या बेरोजगार कामगाराला सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त नव्वद दिवस मिळू शकत होती, तिचे नावही त्याने ऐकले नव्हते. त्याने मोबाईलवरून कर्ज घेतले. त्याविषयी न लिहिलेलेच बरे.

म्हणून आपणांस एक विनंती आहे. पुरवणीतील काटकसरीच्या लेखाशेजारी आठवड्यातून एकदा एक छोटी चौकट द्यावी आणि तीत आपल्या भागात प्रत्यक्ष चालणारे कर्जाचे दर वर्षाच्या टक्केवारीत छापावेत: राष्ट्रीयीकृत बँकेचे सोनेतारण किती, पतसंस्थेचे किती, ‘शेकडा तीन’ आणि ‘शेकडा पाच’ म्हणजे किती. सोबत सहायक निबंधक कार्यालयाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक असावा. सोन्याचा रोजचा भाव आपण न चुकता छापता, त्याच्याच खाली ही चौकट सहज मावेल. आमच्या पाटल्यांचे नूतनीकरण मार्चमध्ये आहे. तोवर ती सुरू झाली तर दर ताडून पाहायला मलाही उपयोग होईल.

आपली विश्वासू,
एक वाचक, इचलकरंजी