अंत्यदर्शनाच्या गर्दीचा हिशेब आधी मांडा : आपत्ती व्यवस्थापन मंत्र्यांना खुले पत्र

मा. आपत्ती व्यवस्थापन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

यात्रेची तारीख पंचांगात असते. अर्ज येतो, बैठका होतात, बंदोबस्त ठरतो. धर्मगुरूंच्या निधनाची वार्ता मात्र न सांगता येते आणि काही तासांत गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सैयदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन यांचं १७ जानेवारी २०१४ रोजी मुंबईत निधन झालं. त्याच रात्री उशिरा, मलबार हिलवरच्या निवासस्थानाबाहेर अंत्यदर्शनासाठी लोटलेल्या गर्दीत १८ जण दगावले.

अशा घटनेला आपण चेंगराचेंगरी म्हणतो आणि तिथेच निदान चुकतं. त्या शब्दात पळापळ आहे; प्रत्यक्षात माणसं बऱ्याचदा उभ्या उभ्या गुदमरतात. एका चौरस मीटरमध्ये ४ माणसं असली तर पाऊल उचलता येतं. ५ झाली की रांग रखडते. ६-७ झाली की कुणाचंच अंग आपल्या ताब्यात राहत नाही, छाती फुलायला जागा मिळत नाही. मागच्याला यातलं काहीच दिसत नाही. तो फक्त वीतभर पुढे सरकतो. पण हजार जणांची ती वीत फाटकाशी उभ्या असलेल्यांच्या बरगड्यांवर येते. म्हणून भोंगा फाटकाशी नको, रांगेच्या शेपटाशी हवा. फाटक अचानक लावून घेणं तर सगळ्यात घातक. गर्दी थांबवायची ती मागून.

आता दर्शनाचा हिशेब. हात जोडून पुढे व्हायला माणशी ३ सेकंद धरा. एका रांगेतून तासाला १,२०० जण, पार्थिवाच्या दोन्ही बाजूंनी मिळून २,४००. वाकून नमस्कार करू दिला तर जेमतेम निम्मे. २० तास अखंड चालवलं तरी ४८,०००. म्हणजे दोन लाख लोक आले तर दीड लाखांना दर्शन होणारच नाही. हे गणित सकाळीच सुटलेलं असतं, फक्त ते लोकांना सांगायला कुणी धजावत नाही. मग ‘दर्शन पाचला बंद’ असा निनावी मेसेज फिरतो आणि शोकाचं रूपांतर रेटारेटीत होतं. त्यात मान्यवर येतात. त्यांच्यासाठी १० मिनिटं रांग रोखली की ४०० माणसं तुंबतात. मान्यवरांनी वेगळ्या दारानं यावं आणि रांग चालूच राहावी, एवढं तरी आपण स्वतःपासून सुरू करू शकता.

रोममध्ये २००५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांचा अंत्यविधी ८ एप्रिलला होता. रांगेत नव्यानं उभं राहणं ६ तारखेच्या रात्रीच बंद केलं गेलं. आपल्याकडे एवढी सवड बहुधा नसते. दफन असो, समाधी असो की जैन आचार्यांची डोली, विधी लवकर उरकण्याकडे कल असतो आणि त्यात सरकारनं पडूही नये. वेळ वाढवता येत नसेल तर जागा वाढवावी लागते.

त्यासाठी अंत्ययात्रेचा मार्गच उपयोगी पडतो. ४ किलोमीटरचा रस्ता, दोन्ही कडांना ३-३ मीटरचा पट्टा, चौरस मीटरला ३ माणसं, म्हणजे ७२,००० लोक जागच्या जागी उभे राहून दोन तासांत दर्शन घेतात. निवासस्थानी एवढ्यांनाच ३० तास लागतील. अट एकच. पार्थिव उंच चौथऱ्याच्या उघड्या ट्रकवर हवं, हाताला लागेल असं नको. तेहरानमध्ये ६ जून १९८९ रोजी इराणचे सर्वोच्च नेते आयातुल्ला खोमेनींच्या अंत्ययात्रेत लोक थेट शवपेटीपर्यंत पोचले. शेवटी पार्थिव हेलिकॉप्टरनं हलवावं लागलं. ट्रकबरोबर धावणारा घोळका हा दुसरा धोका. तो टाळायला दोरखंड ट्रकच्या दोन्ही अंगांना तर हवाच, मागेही हवा. ट्रक पुढे गेला की मागची माणसं लगेच बोळांतून बाहेर काढायची, त्यामुळे ते बोळ वाहनांनी अडवू नयेत.

रांग लावावीच लागली तर ती सलग नको. २०० जणांचा एक टप्पा, मध्ये ५ मीटर मोकळे, पुढचा टप्पा हलल्याशिवाय मागचा सोडायचा नाही. सलग रांगेत शेपटाचा रेटा तोंडापर्यंत पोचतो, तुटक रांगेत तो त्या मोकळ्या जागेत जिरतो. बॅरिकेडला दर ५० मीटरवर बाहेरच्या बाजूला उघडणारं फाटक असावं आणि त्याला कुलूप नसावं. तिथे उभा असलेला माणूस ते कुणालाही न विचारता उघडू शकला पाहिजे.

आमची मागणी एका शासन निर्णयाची आहे. मोठे मठ, दर्गे, आश्रम, चर्च यांच्या परिसराचा आराखडा पोलीस ठाण्यात तयार असावा : रस्त्यांची रुंदी, जवळचं मैदान, रुग्णवाहिकेची वाट, आणि निधनानंतर पहिल्या तासात घोषणा करणाऱ्या एकाच अधिकाऱ्याचं पद. गुरू हयात असताना त्यांच्या अंत्ययात्रेचं बोलणं शिष्यांना अभद्र वाटतं, ते साहजिकच आहे. तेव्हा कागदावर ‘अचानक गर्दी आराखडा’ एवढंच लिहा. उत्सवालाही तोच चालेल.

आपले,
गर्दी नियोजनाचं काम करणारे काही जण