हिप्परग्याच्या आप्पांना आणि आक्कांना, रान दिल्याबद्दल

आदरणीय आप्पा आणि आक्का,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठं छापू नका, असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पण पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ क्रॉस कंट्री स्पर्धेला आमचा मुलींचा संघ गेला, तेव्हा बातमीत विद्यापीठाचं नाव आलं, सरांचं आलं, आम्हा सगळ्याजणींची आली. ज्यांच्या रानात आम्ही तयार झालो, त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती. ते मनाला लागून राहिलंय.

क्रॉस कंट्रीला रानच लागतं. ट्रॅकची 400 मीटरची फेरी सपाट, पाय कुठं पडणार ते आधीच ठाऊक. इथं गवत, चढ-उतार, भुसभुशीत माती, मध्येच चिखल, आणि असलं सगळं तुडवत 10 किलोमीटर. दर ठिकाणची वाट वेगळी असते, त्यामुळं घड्याळातल्या वेळेला फारशी किंमत नाही, कितव्या आलात ते बघतात. संघातल्या धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करतात आणि ज्यांची बेरीज सगळ्यात कमी, तो संघ पुढं. सरांनी हे समजावून दिलं तेव्हा आम्ही पार्क मैदानावर आणि पहाटेच्या डांबरी रस्त्यावर पळत होतो. डांबरानं नडग्या भरून यायच्या. अंधारात मागून ट्रक आला की रस्ता सोडून खाली उतरायचं. दोघींच्या घरचे तर पहाटेचं पळणं बंद करायच्याच गोष्टी बोलत होते.

अशात सर तुमच्याकडं विचारायला आले. तुम्ही बांधावर उभे होता. "पळा की. रान मोकळंच हाय, ज्वारीला अजून अवकाश हाय," एवढंच म्हणालात. कागद नाही, भाडं नाही, किती दिवस येणार तेही विचारलं नाही. आपला जिल्हा रब्बीचा. ज्वारीचं काळं रान पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालून मोकळं ठेवतात, आणि आमच्या सरावाचे खरे दिवस नेमके तेच. सोलापुरात एवढी मोकळी जमीन असताना तोवर हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आप्पा, त्या रानात तुम्ही जे शिकवलंत ते कुठल्याच मैदानावर मिळालं नसतं. पाऊस होऊन गेला की आम्ही यायच्या आधी तुम्ही मूठभर माती उचलून दाबून बघायचात. "आज वापसा न्हाई, पाय मुरगाळून घ्याल," म्हणालात की सरांचंही काही चालायचं नाही. वापसा म्हणजे रानात पाय घालण्याइतकी माती सुकणं, हे आम्ही तिथंच शिकलो. त्या दिवशी आम्ही बांधाबांधानं चालायचो. काळ्या मातीचे गोळे बुटाला कसे चिकटतात, पाऊल जड झालं की टाच न टेकवता आखूड पावलं कशी टाकायची, ते तिथं पायांना कळलं. नांगरटीत आमचे पाय वेडेवाकडे पडायला लागले, तेव्हा तुम्ही स्वतः पुढं चालत दाखवलंत. "ढेकळावर पाय देऊ नका, तासात द्या, नांगराच्या सरीत. नजर पायाशी न्हाई, पुढं चार पावलं."

एकदा सरांनी विश्रांतीत 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकची गोष्ट सांगितली. त्या क्रॉस कंट्रीत कडक उन्हामुळं 38 पैकी फक्त 15 जण शेवटपर्यंत पोचले होते आणि त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून काढूनच टाकला. तुम्ही लगेच म्हणालात, "उन्हाचं पळायला सांगितलं कुणी त्यास्नी?" दुसऱ्या दिवसापासून बांधावरच्या लिंबाखाली पाण्याचं मडकं आलं, आणि ऊन वर चढलं की तुम्ही हाक मारून आम्हाला बाहेर काढायला लागलात.

आक्का, तुम्ही विचारलं होतं, "पोरास्नी किती आन् तुमास्नी किती?" आम्ही सांगितलं, दोघांनाही 10 किलोमीटरच. जागतिक स्पर्धेतसुद्धा आधी बायकांना कमी अंतर होतं, 2017 पासून ते पुरुषांइतकं झालं. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, पण शेंगाचटणी आणि भाकरी त्या दिवसापासून वाढली. आमच्या घरच्यांशी बोललात तेही तुम्हीच. "माझ्या नजरेसमोर असत्यात," या तुमच्या एका वाक्यावर त्या दोघींचं पळणं चालू राहिलं.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र आहे ते. पेरणीचे दिवस आले तसं आम्ही मनानं आवरतं घेतलं होतं. स्पर्धा अजून लांब होती, पण पेरलेल्या रानात कोण पळू देईल? मालदांडी ज्वारीची पेरणी झाल्यावर निरोप घ्यायला आलो, तर बांधाकडेनं चारी बाजूंनी चांगला रुंद पट्टा तसाच सोडलेला. पेरायची पाभर तिथं फिरवलीच नव्हती. तुम्ही कारणही सांगितलं नाहीत. कडब्याचे भाव काय असतात आणि त्या पट्ट्यात किती पेंढ्या निघाल्या असत्या, ते आम्हा शेतकऱ्यांच्या पोरींना न सांगता कळतं. धान्य वेगळंच. घरच्या दावणीचा चारा तुम्ही आमच्या पायाखाली घातलात, आप्पा.

स्पर्धेत काय झालं ते फोनवर सांगितलंच आहे, तरी इथं लिहिते. पदक आलं नाही. मोठमोठ्या विद्यापीठांच्या मुली होत्या, वर्षानुवर्षं तयार झालेल्या. आपलं सोलापूर विद्यापीठ 2004 चं, एका जिल्ह्यापुरतं. पण मैदानाच्या पलीकडच्या अंगाला पाणी मारून चिखल केला होता, तिथं सपाटीवर आम्हाला मागं टाकून गेलेल्या कितीतरी जणी अडखळत होत्या. आम्ही प्रत्येक फेरीला तिथंच पुढं सरकलो. आखूड पावलं, नजर पुढं. आमच्यातली एकही मध्येच थांबली नाही, संघाची बेरीज पूर्ण लागली. सरांनी निकालाचा कागद दोनदा वाचला.

बीड जिल्ह्यातल्या आष्टीकडच्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर क्रॉस कंट्रीतूनच पुढं आला आणि 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचं, रौप्यपदक घेऊन आला. आमच्यातल्या दोघींना आता स्टीपलचेस करायचंय. त्यांना अडथळ्यांची भीती वाटत नाही, कारण तुमच्या बांधांवरून उड्या मारून झाल्यात.

मनापासून आभार, दोघांचेही. तुम्हाला "आभार कसले" म्हणायची सवय आहे, म्हणून कामाचं बोलते. ज्वारी काढायला आम्ही सगळ्याजणी येणार आहोत, मजूर सांगू नका. नव्या पोरी मृगानंतर येतील, त्यांना वापसा तुम्हीच शिकवा. आणि यंदा पट्टा सोडायचा असेल तर त्याच्या कडब्याचे पैसे विद्यार्थिनी मिळून देणार, यावर वाद घालायचा नाही.

हे पत्र वाचणाऱ्या कुणाचं रान सोलापूर, बार्शी, मोहोळ, मंगळवेढ्याकडं पावसाळ्यात मोकळं असेल, आणि जवळच्या कॉलेजच्या पोरी डांबरावर पळताना दिसत असतील, तर त्यांना हाक मारा.

तुमची,
बांधावर दप्तर विसरून जाणारी