विषय : कपाट कापून जोडण्याच्या नावाखाली केलेली नासधूस आणि फोनवरची वागणूक

व्यवस्थापक,

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला. लगेच 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे' असा मेसेज आला. मी तक्रार बंद केलेली नाही. तुम्ही परस्पर कशी केलीत?

कपाट अस्सल सागवानी, 210 सेंटीमीटर उंच, 60 खोल. खोलीचं छत 215. मोजमाप घ्यायला आलेल्या तुमच्या माणसाने नीट समजावलं होतं की आडवं आत नेलं तरी ते उभं करता येणार नाही, कारण उभं करताना त्याचा कर्ण सुमारे 218 भरतो. म्हणून मधोमध कापायचं, दोन भाग आत न्यायचे आणि जोडायचे. हे पटलं म्हणूनच मी हो म्हटलं. कापायला माझी हरकत नव्हतीच. जोडण्याचं काय केलंत ते बघा.

बाजूच्या फळ्या लाकडाच्या रेषांना आडव्या कापल्या आणि टोकाला टोक लावून गोंदाने चिकटवल्या. आडव्या कापलेल्या टोकाला नुसता गोंद धरत नाही, लाकूड तो पिऊन टाकतं. त्यात साग तेलकट, ताजा रंधा मारून लगेच गोंद लावावा लागतो. आत दोन्ही तुकड्यांत रुतणाऱ्या लाकडी खुंट्या नाहीत, खाचेत बसणारं कुसू नाही, सांध्यावर आतून आडवी फळी नाही. दोन लोखंडी पट्ट्या ठोकून मोकळे झालात. सांध्याच्या फटीत आज माझं नख जातं.

शिवाय करवतीने खाल्लेलं 3 मिलिमीटर लाकूड कुणी हिशोबातच धरलं नाही. चौकट तेवढी बुटकी झाली, दारं होती तेवढीच राहिली. मग तुमच्या माणसांनी दारांनाच खालून रंधा मारला, पॉलिश गेलं, कोरं लाकूड उघडं पडलं. वरच्या बिजागऱ्यांसाठी जुन्या भोकांना खेटून नवी भोकं पाडली. स्क्रू घसरून जुन्या भोकात जातो आणि दार लोंबकळतं.

हे सगळं मी फोनवर सांगितलं. त्यावर उत्तर आलं, "मॅडम, कपाट आत गेलं ना?" म्हटलं, गेलं, पण दार लागत नाही. "मग काम पूर्ण आहे. दार जरा उचलून लावत जा." मी विचारलं, सांध्यात खुंट्या का घातल्या नाहीत? पलीकडे शांतता. मग वरिष्ठांना फोन दिला. त्यांनी माझं अर्धवट ऐकलं आणि म्हणाले, "घरात कुणी पुरुष माणूस असेल तर त्यांना द्या फोन, त्यांना लाकडाचं कळेल." खुंटी, कुसू, रंधा हे शब्द मीच उच्चारत होते. त्यांच्या तोंडून लाकडाबद्दल एक शब्द निघाला नव्हता. मी तसं म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला. हा अपमान मी विसरणार नाही. तो कॉल तुमच्याकडे रेकॉर्ड आहे, स्वतः ऐका.

'सांधा शोधून सापडणार नाही' अशी जाहिरात करता. त्या शब्दावर विसंबून घरातलं जुनं कपाट मी तुमच्या करवतीखाली दिलं. सांधा खोलीच्या दारातून दिसतो. दारं अजूनही लागत नाहीत.

आता माझं म्हणणं. हा सांधा उघडा. गेलेल्या 3 मिलिमीटरच्या जागी त्याच रंगाच्या सागाची पट्टी बसवा, खुंट्या घाला, आतून आडवी फळी द्या. जुनी भोकं लाकडाने बुजवून बिजागऱ्या मूळ जागी लावा, दारांच्या खालच्या कडा पूर्ववत करा. करवत हाती धरलेला जाणता सुतार पाठवा. हे जमत नसेल तर सगळे पैसे परत करा. फोनवर बोललेल्या त्या वरिष्ठांची लेखी माफी मला दुरुस्ती करा किंवा पैसे परत द्या, तरी हवीच आहे. टाळाटाळ केलीत तर फोटो आणि पावतीसह ग्राहक आयोगात जाणार.

उत्तर लेखी द्या. मला पुन्हा फोन करू नका.

तक्रारदार ग्राहक
सोबत : पावतीची प्रत, सांधा, बिजागऱ्या आणि दारांचे फोटो