ओळख करून द्यायची राहिली

पुणे, रविवार दुपार

चि. सौ. प्राजूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, कॉलेज कसं चाललंय?" आणि मी "झकास" म्हणून फोन तुझ्या आईच्या हातात दिला. झकास वगैरे काही नव्हतं. पण ते फोनवर सांगण्यासारखंही नव्हतं, म्हणून लिहितोय.

पहिल्या दिवशी मी पाऊण तास आधीच विद्यापीठात पोहोचलो. तत्त्वज्ञान विभागाच्या पायऱ्यांवर उभा होतो, तर एक मुलगी आली आणि म्हणाली, "काका, फी भरायची खिडकी कुठली?" मी सांगितली. मलाच ती आदल्या दिवशी दोन तास हिंडून सापडली होती. मग तीच मुलगी वर्गात माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसली आणि तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आता ती मला डबा खाताना लोणचं मागते.

मॅडम म्हणाल्या, एकेकाने उठून आपली ओळख करून द्या. पोरं भराभर बोलत होती. कुणी नाटकात काम करतं, कुणी डोंगर चढतं, एकाने तर "मी अजून स्वतःला शोधतोय" म्हणून टाळ्या घेतल्या. माझी पाळी आली. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "एसटी महामंडळ, स्वारगेट आगार, हेड मेकॅनिक. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली." आणि बसलो. नाव सांगायचंच राहिलं! मॅडमना पुन्हा विचारावं लागलं.

बसमध्ये घरी येताना मनात आलं, किती काय सांगता आलं असतं. मुक्त विद्यापीठाचं बी. ए. केलं ते बढतीसाठी, तू शिशुवर्गात होतीस तेव्हा, रात्रपाळीला डिझेलच्या हातांनी पानं उलटून. भजनी मंडळात तीस वर्षं पखवाज वाजवतो, आणि आपण कशावर ठेका धरतोय याचा अर्थ निम्म्या वेळा कळत नाही, हेही इथे यायचं एक कारण. (शेजारच्या मोऱ्यांना वाटतं मी आता कीर्तनकार होणार.) जुनी चावीची एचएमटी घड्याळं उघडून बसतो. थंडीत कवडीपाटला नदीवर चक्रवाक बदकं पाहायला जातो, त्यासाठी पहाटे साडेचारला उठतो आणि तुझ्या आईच्या शिव्या खातो. विद्यापीठाच्या आवारात राखी धनेशाची जोडी आहे, तीही मीच वर्गातल्या पोरांना दाखवली. यातलं त्या दिवशी एकही तोंडातून निघालं नाही. माझ्याकडे ओळख म्हणून आगाराचा बिल्लाच होता.

पुढच्या आठवड्यात मिलिंदप्रश्न हे जुनं बौद्ध संवादाचं पुस्तक आलं. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, पालीत तो मिलिंद. तो नागसेन भिक्षूला भेटतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, आपलं नाव काय. नागसेन म्हणतो, लोक मला नागसेन म्हणतात, पण ते नुसतं हाक मारायचं नाव, त्याच्यामागे कुणी सापडणार नाही. राजा चक्रावतो, तेव्हा नागसेन त्याला त्याच्याच रथावरून विचारतो: आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? पोरं वहीत उतरवत होती, आणि मला आमचं आगार दिसत होतं. इंजिन एकीकडे, गिअरबॉक्स दुसरीकडे, चाकं भिंतीला टेकवलेली, आणि तरी आम्ही म्हणायचो, "बत्तीस चौदा खोलून ठेवलीय." गाडी कुठेच नाही आणि बत्तीस चौदा मात्र आहे! मी हे वर्गात बोललो. पहिल्यांदाच. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी ते फळ्यावर लिहिलं.

पण प्राजू, खरं सांगायचंय ते यापुढचं आहे.

न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, अनुमान शिकवताना धुराचं उदाहरण घेतात. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. का? तर जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. या कायमच्या जोडीला व्याप्ती म्हणतात. मला तर हे शिकवायचीच गरज नव्हती. मी जन्मभर धुरावरून पोट भरलं. सायलेन्सरमधून काळा धूर आला की एअर फिल्टर चोक नाहीतर नोझल गेलेलं, निळसर आला की ऑइल जळतंय, रिंगा बघा, पांढरा आणि थांबेचना तर हेड गॅस्केट, पाणी आत चाललंय. बॉनेट न उघडता सांगायचो.

मग मॅडमनी उलटं विचारलं. जिथे आग तिथे धूर, हे चालेल का? चालत नाही. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचं 'तर्कसंग्रह' म्हणून छोटं पुस्तक आहे, नवशिक्यांसाठीच लिहिलेलं, तिथपासून आम्ही शिकतोय. उदाहरण आहे तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं. आग आहे, धूर नाही. धूर व्हायला सरपण ओलं लागतं. ही जी मधली, न दिसणारी अट, तिला उपाधी म्हणतात. ती लक्षात आली नाही की माणूस भलतीच जोडी खरी धरून बसतो. स्प्रिंगच्या पाट्यांच्या सेक्शनला तापलेलं लोखंड मी रोज पाहिलं, पण हा विचार कधी डोक्यात आला नाही.

मॅडम म्हणाल्या, आता आपापल्या आयुष्यातली अशी एक फसलेली व्याप्ती सांगा.

मला एकच आठवली. जो जो आर्ट्सला जातो, तो तो उपाशी राहतो.

जून २००९. तू अकरावीचा फॉर्म भरून ठेवला होतास, आर्ट्स, विषयांत तर्कशास्त्र. मी पाळी संपवून आलो, उभ्या उभ्या वाचला आणि खिशातल्या बॉलपेनने आडवी रेघ मारली. "याने पोट भरतं का?" म्हणालो. तू काही बोलली नाहीस, ताटावरून उठलीस. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्याकडे पुरावा होता ना: तुझा नानाकाका. बी. ए. होऊन सहा वर्षं घरात बसला होता. पण तो बी. ए.मुळे नव्हता बसला गं. आमचे वडील गेलेले, जमीन गहाण, मुलाखतीला जायला त्याच्याकडे एसटीचं भाडंसुद्धा नसायचं. सरपण ओलं होतं. मी धुराचा दोष आगीला दिला. आणि तू भरत होतीस तेव्हा घरात पगार होता, क्वार्टर होतं, तुझ्यासाठी सरपण कोरडं होतं. मला ते दिसलं नाही.

वर्गात मी हे सांगितलं नाही. टाळलं. "जिथे बिघाड तिथे ड्रायव्हरची चूक" असं काहीतरी सांगून हशा मिळवला.

बंगळुरूत तू चांगली नोकरी करतेस, माझी रेघ बरोबरच होती असं कुणीही म्हणेल. तूही कदाचित म्हणशील, मला बरं वाटावं म्हणून. म्हणू नकोस.

प्रवेशासाठी माझी गुणपत्रिका शोधताना माळ्यावरच्या पेटीत तुझं अकरावीचं तर्कशास्त्राचं पुस्तक सापडलं. अप्पा बळवंत चौकातलं जुनं, दुसऱ्या कुणाचं तरी नाव खोडलेलं. म्हणजे तू ते त्यानंतरही विकत आणलं होतंस, मला न सांगता. पहिल्या एकोणचाळीस पानांवर पेन्सिलीने तुझ्या खुणा आहेत, सत्यता-कोष्टकं (विधान खरं की खोटं ते मांडायची) सोडवलेली, एका ठिकाणी समासात "का???" लिहिलेलं. चाळिसाव्या पानापासून कोरं.

मला सत्यता-कोष्टकं अजिबात जमत नाहीत. चाळिसाव्यापासून मी सोडवायला घेतली आहेत, पेन्सिलीनेच. दिवाळीला येशील तेव्हा तपासून दे. चुकलं असेल तिथे खोड, आणि त्या "का"चं उत्तर तुला तेव्हा मिळालं होतं का, तेही सांग. मी दोन दिवस अडलोय तिथेच.

जावईबापूंना आशीर्वाद. आई म्हणते, चकलीची भाजणी पाठवू का ते कळव.

तुझा,
बाबा