लघुशोधप्रबंध कपाटाबाहेर यावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आम्हाला ‘मुक्त शैक्षणिक साधने’, म्हणजे कोणालाही विनामूल्य वापरता, बदलता आणि वाटता येणारे अभ्याससाहित्य, हा घटक आहे. परीक्षेपुरता तो सोपा. २००१ मध्ये अमेरिकेतील एमआयटीने आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर खुले करण्याची घोषणा केली, २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत या साधनांचे नाव ठरले, २०१९ मध्ये युनेस्कोने सदस्य देशांसाठी शिफारस संमत केली. सनावळी आली की गुण मिळतात. ती आम्ही पाठ करतो झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सवरून, ही गंमत वेगळीच!

आपल्या सोलापूर जिल्ह्याला हा विषय परका नाही. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, त्यांना २०२० चे ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. बालभारतीची पुस्तकेही आज मोबाइलवर विनामूल्य उतरवून घेता येतात. मात्र पुस्तक उघडताच सर्व हक्क मंडळाकडे असल्याचे आणि लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नसल्याचे छापलेले दिसते. म्हणजे वाचा, पण हात लावू नका. प्राथमिकच्या शिक्षकाला तर हात लावल्याशिवाय गत्यंतरच नसते.

शहराच्या पूर्व भागात अनेक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. तिथल्या एका बाईंनी पहिलीसाठी चित्रकार्डे केली आहेत. नळाचे चित्र, त्याखाली ‘पाणी’ आणि बारीक अक्षरात ‘नीळ्ळु’. मूल आधी ओळखीचा शब्द बोलते आणि मग मराठीकडे येते. हीच कार्डे अक्कलकोट तालुक्यातल्या कन्नडभाषक मुलांसाठी वापरायची तर ‘नीळ्ळु’च्या जागी ‘नीरु’ एवढाच बदल पुरे. पण कार्डांची फाइल व्हॉट्सॲपवर फिरते तेव्हा ती कोणी केली, बदलली तर चालेल का, हे कुठेच लिहिलेले नसते. भिडस्त शिक्षक विचारत नाहीत आणि पुन्हा पहिल्यापासून कार्डे करत बसतात. ‘नाव द्या, मग वापरा, बदला’ अशी आगाऊ परवानगी देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची एक ओळ खाली असती तर हा प्रश्नच उरला नसता.

असेच काम एम.एड.च्या लघुशोधप्रबंधांत दडलेले असते. विद्यार्थी शाळांत जाऊन चाचण्या तयार करतात, उपक्रम घेतात, निष्कर्ष काढतात. पीएच.डी.चे प्रबंध निदान ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर सापडतात, आमचे रेक्झिनच्या बांधणीत महाविद्यालयाच्या कपाटात जातात. पुढच्या वर्षी तोच विषय दुसरा कोणी घेतो आणि तीच चाचणी नव्याने बनवतो.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाला त्यामुळे एक विनंती. लघुशोधप्रबंधाची पीडीएफ आणि त्यातील साधने विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवावीत. लेखकाची संमती घेऊन पहिल्याच पानावर खुल्या परवान्याची ओळ छापावी. मुलांची नावे, गुणपत्रके आधी काढून टाकावीत, हे सांगायला नकोच.

यावर ‘गाइडवाले उचलतील’ हा आक्षेप नक्की येईल. उचलेगिरी आजही थांबलेली नाही, आणि कपाटाला कुलूप असल्याने ती कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये व्यापारी वापर नाकारणारा परवाना आहे. ज्यांना भीती वाटते त्यांनी तो निवडावा.

आपली विश्वासू,
एक एम.एड. विद्यार्थिनी, सोलापूर