काकू, त्या मधल्या आकड्याबद्दल मनापासून आभार

काकूंना सप्रेम नमस्कार,

ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या तुमच्या रोपवाटिकेत तुम्ही माझ्या हातातली खताची पिशवी घेतलीत, उलटी केलीत आणि नत्र-स्फुरद-पालाशच्या तीन आकड्यांतल्या मधल्या आकड्याखाली नखाने रेघ ओढलीत. “हा दोन टक्क्यांच्या वर असला की पिशवी परत ठेवायची. बँक्सियाला तर एकच्याही खाली हवा.” बस्स, एवढंच. माझी दोन ग्रेव्हिलिया आणि एक बँक्सिया, ही इथली मूळची फुलझाडं, का गेली, ते त्या रेघेने कळलं.

ज्या दुकानातून ती झाडं आणली, तिथे सोबत हाडांचा चुरा आणि कोंबडखताची पिशवी गळ्यात मारली होती. पानं पिवळी पडल्यावर तिथलाच सल्ला होता, “अजून घाला.” त्याचा राग अजून गेलेला नाही.

बँक्सिया, ग्रेव्हिलिया, हाकिया एकाच कुळातली. इथल्या निकस वाळूत जगायचं म्हणून ती बारीक मुळांचे दाट झुपके काढतात आणि कणभर स्फुरदही ओढून घेतात. भरपूर मिळाला तरी ओढतच राहतात. मग जुन्या पानांच्या कडा करपतात, लोह झाडाला वापरता येत नाही, कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. झाड उपाशी दिसतं, म्हणून माणूस आणखी खत घालतो. गुलाबाला, जास्वंदीला ओंजळभर शेणखत घालायची सवय असलेल्या आपल्या हाताला हे पटणं सोपं नाही.

मोठ्या कुंडीतलं महागडं झाडही तुम्ही घेऊ दिलं नाहीत. बोटभर रोप नळीसारख्या अरुंद कुंडीतून काढून तळाशी गोल फिरलेली मुळं सोडवून दाखवलीत. आपल्याकडे मृगाच्या तोंडावर लावतो, तसं इथे एप्रिल-मेच्या पहिल्या पावसाला लावायचं, म्हणजे डिसेंबरातल्या उन्हाळ्याआधी मुळं खोल जातात. खड्डा नळीइतकाच खोल, रुंदीला दुप्पट, आत खत नाही. सुकलेली वाळू मेणचट होऊन पाणी झटकते, म्हणून वेटिंग एजंट, म्हणजे वाळूत पाणी मुरवणारं द्रव्य, घालून आधी खड्डा भिजवायचा. वर सालीच्या जाड तुकड्यांचं पाच-सात सेंटिमीटर आच्छादन, पण खोडापासून वीतभर लांब, नाहीतर खोड कुजतं. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा दहा लिटर, सावकाश. रोजचा शिडकावा मुळांना वरच ठेवतो.

गिऱ्हाइकाच्या हातातली वस्तू परत ठेवायला लावणारी माणसं कमी असतात, काकू. त्या दिवशी तुमच्या गल्ल्यात एका लहान रोपाचेच पैसे पडले, आणि तुम्ही अर्धा तास दिलात.

तुमच्याकडून आणलेल्या त्या ग्रेव्हिलियाला आता लाल फुलोरा आहे. तो ओसरला की शेंडे एक तृतीयांश छाटायचे, पानं नसलेल्या जुन्या लाकडाला कात्री लावायची नाही. लक्षात आहे.

आपली,
पर्थची एक बागवेडी